मावशीच्या साडीची घडी

धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेनकोट आणि टोप्या विकणाऱ्या एका टपरीबाहेर ती उभी होती. अंगात पिवळाधमक प्लास्टिकचा रेनकोट, डोक्यावर गवती टोपी, डावा हात मनगटापासून गायब. गाडी पुढे निघून गेली होती, तरी मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबवा. उतरून मागे चालत आले. नाकाच्या शेंड्यावरचा टवका तसाच होता. सातवीत असताना पुसता पुसता मीच तिला पाडलं होतं आणि कुणाला कळू नये म्हणून त्या टवक्यावर आईचं नेलपॉलिश लावलं होतं. त्याचा गुलाबी ठिपका अजून होता.

"पाहिजे का रेनकोट, मॅडम?" टपरीवाल्यानं विचारलं. पाऊस नव्हता, लख्ख ऊन पडलं होतं. मी नको म्हटलं आणि तरीही तिथेच उभी राहिले. शेवटी त्याला वाटलं असावं, की ही बाई पुतळीच विकत मागतेय.

ही लोणावळ्याच्या बाजारातल्या आमच्या साड्यांच्या दुकानातली पुतळी. 'आमच्या' म्हणायची सवय. दुकान शेठचं होतं. माझी शालनमावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तिथे कामाला होती. गिऱ्हाइकांना साड्या दाखवायला आणखी दोघं होते, पण रस्त्यावरच्या काचेच्या खिडकीचं सगळं राज्य मावशीचं. दर सोमवारी सकाळी ती पुतळीला नवी साडी नेसवायची. आता दुकान नाही. तिथे चिक्की आणि चॉकलेट फज विकतात आणि खिडकीत खोक्यांचे मनोरे असतात. ते मनोरे मी जाता जाता पाहिले आणि मनातल्या मनात नाक मुरडलं, कारण मीही आता त्याच धंद्यात आहे. पुण्यातल्या कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीसाठी मी दुकानांच्या काचा सजवते. हायवेवर त्यांचं नवं दुकान होणार, त्याच्या काचेची मापं घ्यायला मी आले होते. माझ्या कार्डावर या कामाचं लांबलचक इंग्रजी नाव छापलंय. मावशी त्याला अजूनही "जाऊबाईला नेसवायचं काम" म्हणते.

जाऊबाई म्हणजे ही पुतळी. हे नाव मावशीनंच ठेवलेलं, आणि त्यामागे तिचा स्वतःचा हिशोब होता. आमच्याकडे नवी साडी आणली की तिची घडी कुणी मोडायची, म्हणजे पहिल्यांदा कुणी नेसायची, याला मोठा मान. एखादीवर जीव असला की आपली नवी साडी आधी जावेला, नणंदेला, मैत्रिणीला द्यायची. "घे, तू मोड घडी." मग दुसऱ्यांदा आपण. मावशी म्हणायची, "दुकानातल्या समद्या साड्यांची घडी हीच मोडती. मंजी ही आपली थोरली जाऊ. हिचं नेसून झाल्याबिगर आपल्याला काय मिळत न्हाई."

ते खरंच होतं. पुतळीच्या अंगावर चढलेली साडी पुन्हा फळीवर जात नसे. उन्हानं जरा विटलेली, टाचण्यांची भोकं पडलेली ती साडी शेठ मावशीला निम्म्या भावात द्यायचा. मावशीच्या ट्रंकेतली प्रत्येक साडी अशी, आधी काचेत आठवडाभर उभी राहून आलेली. मला तेव्हा वाटायचं, काय मज्जा आहे मावशीची, सगळ्या लोणावळ्यानं बघितलेल्या साड्या नेसते.

शाळा सुटली की मी दुकानात. आई-बाबा दोघंही कामावर, आणि वलवणच्या आमच्या घरापेक्षा दुकानाची ऊब जास्त. ती ऊब खरीखुरी होती, कारण खिडकीत एक मोठा बल्ब दिवसरात्र जळायचा. लोणावळ्याची हवाच अशी, की पावसाळ्यात कपडा दोन दिवसांत सादळतो आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशीचा वास येतो. त्या बल्बखाली गरम झालेल्या खळीचा वास, डांबरगोळ्यांचा, शेठच्या उदबत्तीचा आणि समोरच्या भट्टीवर गुळाचा पाक चढला की त्याचा वास. हे सगळं मिळून माझ्या लेखी 'नवं' या शब्दाचा वास होता. आज सेंटचे फवारे मारलेल्या दुकानांत मी दिवस घालवते, पण तो कुठे मिळत नाही.

जाऊबाईला नेसवणं म्हणजे एक सोहळा. आधी तिचे हात फिरवून काढायचे आणि मला धरायला द्यायचे. मग ब्लाउज. ब्लाउजात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. मावशीच्या ओठांत टाचण्यांची रांग, त्यामुळे बोलणं सगळं नाकातून. निऱ्या घालताना ती माझ्याशीही बोलत नसे. मागच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, कपडे वाळत घालायचे चिमटे. शेवटी रस्त्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून बघायचं. "पदर जरा वर घे गं बाय." मी आतून पदर वर घ्यायचे. काचेपलीकडून तिचा आवाज यायचा नाही, नुसते ओठ हलायचे. तेवढ्यावरून मला सगळं कळायचं.

एप्रिलात जयंतीच्या आठवड्यात जाऊबाईला पांढरी साडी, निळ्या काठाची. हे मावशीनं भांडून मिळवलेलं. "आमच्या वस्तीतल्या समद्या बाया या आठवड्यात पांढरंच घेत्यात शेठ, आन् तुमच्या काचंत लाल कशापायी?" शेठनं एकदा ऐकून पाहिलं. पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा चार दिवसांत संपला. पुढच्या वर्षी शेठ आपणहून म्हणाला, "शालनबाई, पांढऱ्या कधी लावताय?"

लग्नसराईत गावोगावची माणसं टेम्पो करून बस्ता बांधायला यायची. नवरीची साडी, वरमाईची, मानपानाची, सगळी खरेदी एका बैठकीत. पंधरा-वीस माणसं गादीवर मांडी ठोकून बसायची, चहाच्या दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. हमखास एखादे आबा म्हणायचे, "ती काचंतली दावा." मग मावशी तसलीच दुसरी, कोऱ्या घडीतली, फळीवरून काढायची. एकदा मात्र तसलीच दुसरी नव्हती. नवरी मुलगी माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. तिला जाऊबाईच्या अंगावरचीच हवी होती. तिच्या आईची हरकत नव्हती, शेठ तर उतरवायला निघालाच होता. मावशीनं नकार दिला. "न्हाई शेठ. नवरीला उतरवल्यालं न्हाई द्यायचं. तिच्या साडीची घडी तिनंच मोडली पायजे." मुलगी दुसरी साडी घेऊन गेली, जाताना काचेकडे बघत बघत. मी मावशीवर चिडले. पुतळीनं नेसली म्हणून काय झालं, पुतळी काय माणूस आहे? मावशी म्हणाली, "आगं, एक दिस तरी बाईनं पयली असावं का न्हाई?"

हे मी ऐकलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

बारावीनंतर पुण्यात फॅशन डिझाइनला प्रवेश मिळाला, आणि मी जी हवेत गेले ती तीन वर्षं खाली आलेच नाही. शो म्हटला की मी वेडी. पास मिळवायचे, नाहीतर स्वयंसेवक म्हणून घुसायचं. पडद्यामागे मॉडेलना कपडे चढवायचं काम फुकटात करायचं आणि वर उपकार आपल्यावरच झाले असं मानायचं. तिथला वास अजून आठवतो. वाफेची इस्त्री, केसांचे फवारे आणि कुणीच न खाल्लेले समोसे. बुटांना ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांच्या तळांना चिकटपट्ट्या लावायच्या, कारण बूट उद्या दुकानात परत जायचे असत. बाहेर संगीत सुरू झालं की पडद्यामागे मी टाचा उचलून उभी, जणू मलाच चालायचंय. शो नसेल त्या दिवशी मी मोठ्या दुकानांच्या काचांसमोर वही घेऊन उभी. रखवालदार ओळखायला लागले होते. एकानं तर विचारलं, "ताई, तुमचं कुणी आहे का आत?"

रविवारी लोकलनं घरी आले की हे सगळं मावशीला सांगायचं. तांदूळ निवडता निवडता ती ऐकायची.

"मग ते कापडं कोन घेतं?"

"कुणी नाही गं. ते नुसते बघायचे."

"मंजी बिनकाचंची काच," ती म्हणाली. तीन वर्षांत मला शिकवणाऱ्या कुणी शोबद्दल इतकं नेमकं सांगितलं नाही.

एकदा हट्टानं मी तिला पुण्याच्या मॉलमध्ये नेलं. बिनडोक्याचे पुतळे बघून ती थबकली. "आगं, हिचं मुंडकं कुटं गेलं?" मी म्हटलं, हल्ली असेच असतात, म्हणजे बघणाऱ्याला तिथे आपलं तोंड दिसतं. तिनं विचार केला. "आन् ज्याला सोताचं तोंड बगायचं न्हाई त्यानं?" तेवढ्यात तिला एका पुतळ्याच्या निऱ्या सुटलेल्या दिसल्या. मी हां हां म्हणेपर्यंत बाई चौथऱ्यावर चढल्या, चपला खाली काढून. दोन मिनिटांत निऱ्या बसवल्या. विक्रीवाली मुलगी धावत आली, पण तिनं बघितलं आणि नुसतं म्हणाली, "मावशी, तो पलीकडचापण बघता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी अभिमानानं ऊर भरून आला होता. वीस वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम होऊ शकतं.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत दुकानात एक साडी आली. वांगी रंगाची, बारीक जरीकाठाची, रेशमी. तशी एकच होती. शेठ म्हणाला, ही काचेत लावा. मावशीनं साडी हातात घेतली आणि, मी तिथेच होते म्हणून सांगते, तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "ही जाऊबाईला न्हाई," ती म्हणाली. "शेठ, औंदा मला बोनस नको. ही द्या." शेठनं दिली.

तिनं ती ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली, कागदात गुंडाळून, पिशवीत. मी दर रविवारी विचारायचे, कधी नेसणार? "तुज्या शोला," ती म्हणायची. कॉलेजच्या शेवटी आमचा प्रत्येकाचा शो असायचा, घरच्यांना बोलावून. "तुजा शो व्हईल त्या दिशी मोडीन घडी. म्होरल्या रांगंत बसंन. तोवर हात न्हाई लावायचा." आणि साठीकडे झुकलेली माझी मावशी लाजायची.

शोच्या दिवशी सकाळी माझा शेवटचा पोशाख फसला. कसा फसला ते सांगण्यात अर्थ नाही. कापड ओढ खाऊन चुणलं, एवढंच. शो त्यावर संपायचा होता. आणि मला ती वांगी साडी आठवली. खरं सांगते, आठवली तेव्हा मला आनंदच झाला. वाटलं, आता शेवट आणखी चांगला होईल. सकाळची लोकल पकडून मी वलवणला मावशीच्या घरी आले. मावशी अर्ध्या दिवसाची रजा मिळवायला दुकानात गेली होती. तिचा मुलगा मिलिंद तेव्हा आंबीला कंपनीत लागला होता, घरात ती एकटीच असायची. किल्ली शेजारच्या बाईच्या दाराआड खिळ्याला असायची; बाई पाण्याला गेली होती, म्हणून मी आपणच काढून घेतली आणि जाताना तिथेच अडकवली. मी ट्रंक उघडली. मावशीला फोन लावला, तर तो तिथेच फळीवर चार्जिंगला लावलेला वाजला. मला हसू आलं. मी स्वतःशी म्हटलं, तिचं आणि माझं काय वेगळं आहे? आणि एका संध्याकाळचा तर प्रश्न, फक्त नेसवायची, कापायची नाही, पुन्हा त्याच घडीवर घडी घालून ठेवू. बाजारात दुकानावरून जायला वेळ होता. गेले नाही. का गेले नाही, हे मला तेव्हाही माहीत असणार.

संध्याकाळी पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्या रांगेतली मावशीची खुर्ची रिकामी. चार मुली चालून आल्या तेव्हा ती आली, घामाघूम, अंगावर एक जुनी पोपटी साडी, जाऊबाईनं घडी मोडलेली. लोकल चुकली असेल, असं मला वाटलं. ती तास दीड तास घर उचकत होती, हे मला नंतर आईकडून कळलं. चोरी झाली म्हणून शेजारच्या बाईशी तिचं भांडणही झालं होतं, कारण किल्ली तिच्याकडे असायची.

शेवटची मुलगी वांगी साडीत निघाली. उंच, सावळी, सुंदर दिसत होती. दिव्यांखाली तिचा जरीकाठ असा उजळला, की मागच्या रांगांतली माणसं उभी राहून बघायला लागली. त्या क्षणाची मी तीन वर्षं वाट पाहिली होती, आणि मी बघत होते मावशीकडे. साडी दिसताच तिचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला, पदराकडे. पदर नीट होता. तरी तिनं तो नीट केला. मग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागली, सगळ्यांच्या आधी.

नंतर ती पडद्यामागे आली. मी फुलांत आणि फोटोंत बुडालेली. "कसं वाटलं, मावशी? ओळखलीस का साडी?" असं मी विचारलं. अजून कानात तो माझा आवाज आला की कानशिलं तापतात. ती म्हणाली, "वळखली की. लय शोभली पोरीला." त्या मॉडेलजवळ जाऊन तिनं तिची हनुवटी धरली, नाव विचारलं, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. पदरावर पावडरीचा डाग पडला होता. तो तिनं पाहिला. घडी मोडलेल्या मुलीला जे द्यायचं ते सगळं तिनं दिलं. मला मात्र ओरडली नाही, रुसली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी साडी त्याच घडीवर घडी घालून, त्याच पिशवीत परत केली. पुढच्या सोमवारी मावशी ती नेसून कामाला गेली. पदर खोचून तिनं खिडकी झाडली, त्याच साडीत जाऊबाईला नेसवलं. मी काचेबाहेर उभी होते. मला वाटत होतं, वापरतेय म्हणजे विसरली. ती साडी तिच्या ट्रंकेतल्या इतर साड्यांसारखी झाली होती, एवढंच. हे समजायला मला फार वर्षं लागली. तोवर शेठ गेला, दुकान गेलं, आणि गुडघे धरले म्हणून मावशीला मिलिंद आंबीला घेऊन गेला. मी तिच्याकडे जात होते, फळं नेत होते, गप्पा मारत होते. या एका गोष्टीवर कधी बोलले नाही.

टपरीपासून परतल्यावर मात्र राहवेना. पुढच्या रविवारी मी पुण्यात साडी घेतली, वांगी रंगाचीच शोधून. दुकानदारानं ती उलगडून दाखवायला घेतली तर मी जवळजवळ ओरडले, "उलगडू नका!" तशीच कोरी घेऊन आंबीला गेले.

मावशी ओसरीवर खाटेवर बसली होती, गाऊनमध्ये. सून सुवर्णा चहा ठेवायला आत गेली. मी पिशवी मावशीच्या मांडीवर ठेवली आणि जे सतरा वेळा पाठ केलं होतं ते सगळं विसरून एवढंच बोलले, "मावशी, तुझ्या त्या साडीची घडी मी मोडली गं. मला माहीत होतं आणि तरी मोडली."

ती बराच वेळ साडीवर हात फिरवत राहिली. बोटं काठावरून, सरावानं.

"तू कुटं," ती शेवटी हसून म्हणाली, "त्या उंच पोरीनं मोडली."

"चेष्टा नको करू. ही तुझ्यासाठी आणलीय. कुणी हात लावलेला नाही. उभं राहायला मी धरते तुला. आत्ता नेस."

"सुवर्णे, हिकडं ये," तिनं हाक मारली. सून हात पुसत आली. मावशीनं साडी तिच्यापुढे धरली. "जा, नेसून ये. मोड घडी."

"अवो आत्या, ताईंनी तुमच्यासाठी आणलीय—"

"जा म्हनते ना."

सुवर्णा माझ्याकडे बघत, संकोचत, पण डोळ्यांत खुशी न मावत आत गेली. मी मावशीचा हात धरला. मला रडू येत होतं आणि रागही. "का गं असं? मी तुझ्यासाठी आणली होती ना?"

"तवा मन केलं हुतं गं," मावशी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "एवढ्या वर्सांत एकदाच केलं हुतं. आता न्हाई हुत."

आतून कोऱ्या रेशमाची सळसळ ऐकू यायला लागली. मावशीनं कान दिला, मग माझ्या हातावर थोपटलं. "जा आत. तिला निऱ्या जमत न्हाईत."